तेलाच्या जागी ग्रीस

गुलाम नबी मिस्त्रींना मी एकतीस वर्षं ओळखत होतो, असं मी लोकांना सांगत आलो. त्यांच्या वडिलांचं नाव मात्र मला त्यांच्या मयतीच्या दिवशी कळलं. त्यांचा एक भाऊ पातूरला राहतो, हेही तिथंच कळलं. ते शाळेत किती शिकले, हे काम कुणाच्या हाताखाली शिकले, तरुणपणी कुठं कुठं राहिले, यातलं मला काही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मला जे माहीत आहे ते एका गाडीपुरतं, आणि खरं म्हणजे त्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांपुरतं. तेवढं लिहितो. लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

अकोल्याहून बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, आणि बोर्डावर त्यांच्या नावाखाली एक ओळ : पुढच्या चाकांचे सर्व काम. इंजिनाचं काम ते करत नसत. जीप असो की टेम्पो, स्टेअरिंग ओढतंय, चाक थरथरतंय, खड्ड्यात खडखड वाजतंय अशी तक्रार असली की लोक त्यांच्याकडे येत. माणूस उंच, किडकिडीत, आणि एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहाचा कप हातात घेऊनसुद्धा ते शेडमध्ये फेऱ्या मारायचे. निम्मा चहा चपलांवर सांडायचा.

त्यांची काम करायची एक रीत होती. दुसरे मिस्त्री गाडी जॅकवर चढवतात आणि चाक हलवून बघतात. हे गाडीखाली आडवे व्हायचे, सांध्यावर बोटांची टोकं ठेवायचे आणि गाडीच्या मालकाला स्टेअरिंगवर बसवायचे. हळू डावीकडे, हळू उजवीकडे. मालकानंच फिरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, ज्याच्या हातानं झिजली त्याच्याच हाताखाली ती बोलते. पाच मिनिटांनी खालून आवाज यायचा, डावीकडचा खालचा बुश गेला. उघडून पाहिलं की तोच गेलेला असायचा.

माझी गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी विलायती स्पोर्ट्स कार. साठ सालच्या आसपासची. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. एका कापूस जिनिंगवाल्याच्या बंगल्याचं मोजमाप घ्यायला गेलो, तेव्हा ती मागच्या पडवीत उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. वारसदार ती भंगारात देणार होते. मी तोंड उघडून काही मागितलं असं आयुष्यात दोनतीनदाच झालं असेल, त्यातलं हे एक. मोहल्ल्यातली पोरं तिला बेडूक म्हणत. माझी बायको मनकर्णा त्यात पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "रस्त्यावर बसल्यासारखंच वाटते, फक्त रस्ता पळते." ताशी चाळीसच्या वर मी ती कधी नेली नाही.

चौऱ्याण्णव साली गाडी घेतली, पुढच्या चाकांचं काम त्यांच्याकडून करून घेतलं, आणि पहिल्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी नबी मिस्त्रींचं बोलावणं आलं. त्या दिवशी त्यांच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या रांगेनं लागत. ते धुतलेला सदरा घालून यायचे, ग्रीसची पिचकारी स्वतः हातात घ्यायचे आणि एकेका गाडीच्या एकेका सांध्यात स्वतः ग्रीस भरायचे. त्याचा पैसा घेत नसत. दुसऱ्या दिवशी लोक गाडीला झेंडूचा हार घालत, नारळ फोडत. मी त्यातला नव्हतो. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, घरी गाडीची पूजा होत नाही. मी हे चाचरत सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, पूजा माझ्याही घरी होत नाही. मग हार नाही तर नाही, तिला ग्रीस तरी खाऊ द्या.

तेव्हापासून दरवर्षी आमच्या दोघांचा तेवढाच सण असायचा. मी नागपूरची गाडी पकडायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे जायचो, आणि ते माझ्या गाडीला सगळ्यांत जास्त वेळ द्यायचे. पुढच्या चाकांपाशी बसून जुनं ग्रीस फडक्यानं पुसायचे आणि नवं बाहेर फुगेपर्यंत भरायचे.

आता मला जे सांगायचं आहे ते हे. त्या गाडीच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. पहिल्याच वर्षी मी ती शब्दकोश घेऊन वाचली होती. एका पानावर पुढच्या चाकाचं चित्र होतं. चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्या दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, आणि ते गनमेटलच्या, म्हणजे पितळेसारख्या मऊ धातूच्या, एका ठोकळ्यात फिरतात. तिथं बाण काढून लिहिलं होतं : इथं फक्त तेल घालावे, ग्रीस घालू नये.

पहिल्या दसऱ्याला मी ती पुस्तिका पिशवीत घालून नेलीही होती. पण ती पिशवीतून काढेपर्यंत ते त्याच जागी ग्रीस भरायला लागले होते, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, बसा भाऊ, आज तुम्ही काही बोलायचं नाही, आज तिचा दिवस आहे. मी बसलो. मला वाटलं, पुस्तक थंड मुलखातलं, यांना जास्त कळतं. पुढच्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील गेल्या वर्षी का नाही बोललात. त्याच्या पुढच्या वर्षी ते आणखी अवघड झालं. असं होत होत एकतीस दसरे गेले.

मागच्या दिवाळीनंतर गाडी वळताना करकरायला लागली. मग खड्ड्यात डावं चाक टकटक वाजू लागलं. त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवलं, खाली गेले आणि नेहमीपेक्षा फार वेळ खालीच राहिले. गाडी उघडली तेव्हा ठोकळ्यातून डांबरासारखं काळं, वाळलेलं ग्रीस निघालं. लोखंडी दांडा बऱ्यापैकी वाचला होता. गनमेटलचे आटे मात्र आतून खाल्ल्यासारखे गुळगुळीत झाले होते. तसंच आणखी काही महिने चाललं असतं तर एखाद्या वळणावर चाक दुमडून गाडी बसली असती. त्यांच्या मुलानं, इमादनं, मोबाइलवर बघून सांगितलं की नवा भाग विलायतेहून येतो, पण तीन महिने लागतील. मिस्त्री म्हणाले, तीन महिने हातावर हात ठेवून बसलो तर मला घरात कोण ठेवून घेईल. अमरावतीला श्यामराव नावाचे एक जुने टर्नर आहेत, त्यांच्याकडून बनवून आणू. दोन्ही चाकांचे ठोकळे माझ्या मालकीचे म्हणून मीही बरोबर गेलो. रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं.

श्यामरावांनी डावा ठोकळा दारात उजेडाला धरला. आत खिळ्यानं खरवडलं आणि निघालेलं काळं दोन बोटांत चोळलं.

"याच्यात ग्रीस कोनं कोंबलं?" ते म्हणाले. "इथं पातळ तेल पायजे होतं. हे खाली उतरलंच नाई. वरच्या वर वाळलं, अन् खालचे आटे कोरडे फिरले."

मी लेथकडे बघत होतो.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"कधी?"

"एकतीस साल."

श्यामरावांना ती थट्टा वाटली. ते हसून म्हणाले, "मंग ही गाडी तुमच्यापेक्षा सोशिक निंगाली, मिस्त्री." मिस्त्री हसले नाहीत. ठोकळा त्यांच्या हातातून परत घेऊन त्यांनी स्वतः आत बोट घातलं, फिरवलं, आणि तो फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवला.

तिथं मी बोलायला हवं होतं. मी काम किती दिवसांत होईल ते विचारलं. श्यामरावांनी पंधरा दिवस सांगितले. वर एक तंबीही दिली. डाव्या चाकाचे आटे उलटे असतात, उजव्याचे सुलटे, तेव्हा बसवताना ठोकळ्यांची अदलाबदल करू नका.

बडनेऱ्याच्या फलाटावर रेल्वे यायला तास होता. मिस्त्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. मी एका बाकावर बसलो, मग उठलो, मग दुसऱ्या बाकावर बसलो. ते जवळून जायचे तेव्हा ऐकू यायचं, ते बोटांवर मोजत होते. बार्शीटाकळीची ती हिरवी जीप. पातूरचा टेम्पो. नांदगाव खंडेश्वरच्या मास्तरची जीप. त्यांनी ज्यांच्या चाकांत हात घातला होता त्या सगळ्या गाड्या. मी म्हणालो, त्या गाड्यांत तर ग्रीसच घालतात.

"तुमाले काय माहीत?" ते म्हणाले, आणि पुढं गेले.

त्यानंतर त्यांचा घरात पाय ठरेना. सकाळी उठून बस धरायचे आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जायचे. न बोलावता गाडीखाली आडवे व्हायचे. हे मला इमादनं सांगितलं. तो चाळिशीचा आहे, शहरात टायरचं दुकान चालवतो. एका संध्याकाळी माझ्या घरी येऊन विचारू लागला, चाचा, अमरावतीला काय झालं? अब्बा आल्यापासून ठीक नाहीत. नांदगावच्या मास्तरांनी त्यांना जेवू घातलं, जीप चांगली निघाली, तरी परत येताना म्हणत होते की आज चांगली आहे, उद्याचं कोण सांगेल. बोर्डावरची 'पुढच्या चाकांचे सर्व काम' ही ओळ त्यांनी स्वतः चुना लावून पुसली. एक जीपवाला आला तर त्याला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला. म्हणाले, या स्पोर्ट्स गाडीचं काम तेवढं पुरं करतो आणि शटर ओढतो, माझ्या हातावर माझा भरोसा राहिला नाही. इमादलाही त्यांनी आराम करावा असं वाटत होतं, पण असा नाही.

मी म्हणालो, होईल ठीक. तो गेला. मनकर्णा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती.

"तुमचं पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

"मंग जाऊन सांगत काहून नाई? तुमच्या तोंडात काय फुटाने भरले?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की आता सांगणं म्हणजे एकतीस वर्षं त्यांना फसवलं असं कबूल करणं. ते मला दारात उभं करणार नाहीत. आणि अकोल्यात मला जाऊन बसायला तेवढी एकच जागा आहे. ती म्हणाली, "तुमची बसाची जागा वाचते अन् त्यायचं काम जाते. पाहा मंग, काय वाचवाचं ते." आणि कणीक मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका पिशवीत घालून गेलो. ते बाहेर गेले होते. घरून त्यांच्या बायकोनं, कुलसुमबींनी, चहा पाठवला. मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतर दोनदा गेलो. एकदा ते हातात पाना घेऊन नुसतेच उभे होते, कुठला बोल्ट सोडायचा ते विसरल्यासारखे. पाना खाली ठेवला, परत उचलला. मी हवेबद्दल काहीतरी बोललो आणि निघालो. घरी आलो की टीव्ही लावायचा, बंद करायचा. गच्चीवर जायचं, खाली यायचं.

श्यामरावांचे ठोकळे आले. मिस्त्रींनी दोन दिवस लावून बसवले. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, स्टेअरिंगवर बसायला या.

मी बसलो. ते खाली गेले. आत नव्वद नंबरचं गिअर तेल भरलं होतं, त्याचा वास येत होता. हळू डावीकडे, खालून आवाज आला. मी फिरवलं. हळू उजवीकडे. मी फिरवलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा त्यांना. मी म्हणालो, "मिस्त्री, तेल घालाचं हे मले माहीत होतं."

मी पुढं बोलत राहिलो. पुस्तिकेबद्दल सांगितलं, पान कितवं ते सांगितलं, पहिल्या दसऱ्याला पिशवीत आणली होती तेही सांगितलं. बोलताना मी स्टेअरिंग फिरवतच होतो, डावीकडे, उजवीकडे.

"थांबा," ते म्हणाले. "बोट आहे माझं आत."

ते बाहेर आले. उभं राहायला त्यांना वेळ लागला.

"कोन्त्या साली वाचलं म्हनता?"

"चौऱ्याण्णव."

"अन् मी भरत होतो. अन् तुमी पाहत होते."

"हो."

"काहून?"

"तुमी येवढ्या मायेनं भरत होते," मी म्हणालो. "मले वाटलं, तुमाले जास्त समजते."

"समजते तं समजते. पन मी काय त्या विलायतच्या कारखान्यात जनमलो होतो काय? एक लफ्ज बोलाले तुमचं काय जात होतं, भाऊ?" त्यांनी फडकं टेबलावर फेकलं. ते टेबलावर पडलं नाही, खाली पडलं, आणि त्यांनी ते उचललंही नाही. शेडच्या टोकापर्यंत गेले, परत आले. "मी तीन हप्ते झाले बसमधी फिरून राहिलो. लोकायच्या अंगनात लोळून राहिलो. अन् तुमच्या घरी पुस्तक."

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"तुमची नाई," ते म्हणाले. "मी विचारलं नाई, तुमी बोलले नाई. दोघायनं मिळून खाल्ली गाडी. जा आता घरी."

गाडी लाकडी ठोकळ्यांवर सोडून मी पायी घरी आलो. आठ दिवस काही कळलं नाही. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो, आणि तरी रोज भाजीची पिशवी घेऊन त्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जात होतो. तिथून कडुनिंबाचा शेंडा दिसतो. शटर उघडं आहे की ओढलेलं, ते मात्र दिसत नाही. नवव्या दिवशी इमादचा फोन आला. अब्बा म्हणतात, पुस्तक घेऊन या.

त्यांना ते पूर्ण ऐकायचं होतं. मी स्टुलावर बसून एकेक वाक्य वाचायचो आणि आमच्या बोलीत सांगायचो. ते चालत ऐकायचे. चाळीस पानं होती, रोज सात-आठ व्हायची. मधेच थांबवून ते पुस्तकाशी वाद घालायचे. हे बरोबर. हे आपल्या रस्त्यांवर चालणार नाही. टायरमध्ये हवा किती भरायची ते वाचलं तेव्हा म्हणाले, "त्यायनं अकोल्याचा मे महिना पाह्यला काय?" आणि मला तो आकडा पेन्सिलीनं खोडून त्यांचा आकडा लिहायला लावला. पुस्तिकेत तसे त्यांचे सात आकडे आहेत. तेलाच्या पानावर आलो तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. वाद घातला नाही.

चौथ्या दिवशी तो जीपवाला परत आला. ज्याला त्यांनी दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला होता तोच. तिथं नवे बुश बसवले, तरी स्टेअरिंग ओढतं, अशी त्याची तक्रार होती. मिस्त्री चालता चालता जीपपाशी थांबले आणि मडगार्डवर तळहात ठेवून एकदा खाली दाबलं. परत दाबलं. मी वाचायचा थांबलो.

"वाचा तुमी," ते म्हणाले. "ऐकून राहिलो मी." आणि जीपवाल्याला स्टेअरिंगवर बसायची खूण करून खाली आडवे झाले. मी ब्रेकचं पान मोठ्यानं वाचत राहिलो. खालून आधी ब्रेकच्या पानावर शेरा आला, मग जीपवाल्याला उत्तर मिळालं की नवे बुश उलटे बसवले आहेत.

त्यानंतर शटर ओढायची गोष्ट निघाली नाही. बोर्डावरची ओळ मात्र तशीच पुसलेली राहिली. इमाद रंगाऱ्याला घेऊन आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. काही बदललंही. कुणाची नवीन गाडी आली की ते आधी पुस्तक आहे का विचारायचे. नसेल तर इमादच्या मोबाइलवर शोधायला लावायचे, आणि सापडेपर्यंत त्याच्याभोवती फेऱ्या मारायचे. इमाद म्हणायचा, अब्बा, बसा तरी. माझ्याशी ते पूर्वीइतकं बोलत नव्हते असं मला वाटायचं. मनकर्णा म्हणते, ते पूर्वीही एवढंच बोलत होते. खरं काय ते मला सांगता येणार नाही.

गाडी जानेवारीत घरी आली. त्याआधी त्यांनी ती स्वतः मूर्तिजापूरपर्यंत चालवून पाहिली. मी शेजारी बसलो होतो. पाऊणशेच्या वर काटा गेला तेव्हा मी दार धरलं. त्यांनी बघितलं आणि वेग कमी केला नाही.

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला पहाटे ते गेले. झोपेतच. कुलसुमबींनी नमाजासाठी उठवायला हाक मारली तेव्हा कळलं. त्याच्या चार दिवस आधी मी गॅरेजवर गेलो होतो. काही काम नव्हतं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी तेल घातलं होतं, ते सांगावंसं वाटलं होतं. ते एका टेम्पोच्या चाकात वाकलेले होते, हात कोपरापर्यंत आत. दुसरी एक जीप कडुनिंबाखाली वाट बघत होती. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी येतो म्हणालो.

"जाता जाता फाटक लोटून घ्या," ते म्हणाले. "बकऱ्या घुसतात."

"कडी लावू काय?"

"नाई, नुसतं लोटा."

"बरं," मी म्हणालो.